‘गॉड प्रॉमिस’ म्हटलं की आजी का चिडते? – देवाचं नाव आणि आपलं रोजचं बोलणं

केळफूल
नमस्कार मंडळी. घरात बरेच दिवस एकच वाद धुमसतोय, म्हणून धागा काढतेय. आम्ही वसईकडचे कॅथलिक. लेक सहावीत आहे. तिच्या तोंडी सारखं ‘ओ माय गॉड’, पेन हरवलं की ‘जीझस!’, आणि आपलं खरं करायचं असलं की ‘गॉड प्रॉमिस’. सासूबाईंना हे अजिबात खपत नाही. “दुसरी आज्ञा पाठ आहे ना? म्हणून दाखव,” असं म्हणून तिला उभी करतात. (बायबलातल्या दहा आज्ञांपैकी ‘देवाचं नाव व्यर्थ घेऊ नको’ ती.) लेकीचं म्हणणं, आजी कुकरची शिट्टी उडाली तरी ‘देवा रे’ करते, मग तिला कोण उभं करणार?

नवरा नेहमीप्रमाणे तटस्थ. मला दोघींचंही थोडं थोडं पटतं. तर विचारायचं हे की देवाच्या नावाचा मान राखायचा म्हणजे तुमच्या घरी नेमकं काय पाळतात? काय चालतं, काय नाही? ख्रिस्ती घरातल्यांनी लिहावंच, बाकीच्यांचंही स्वागत आहे. धर्मांतर आणि राजकारण इथे नको, त्याला वेगळे धागे आहेत आणि ते भरपूर वाहतायत.

बंड्या_बोरिवली
ओ माय गॉड, काय धागा आहे!
(सॉरी. पळतो.)

नगरी_चिवडा
ताई, आधी एक दुरुस्ती. दुसरी नव्हे, तिसरी आज्ञा. शब्बाथ शाळेत दहाच्या दहा घोकून घेतल्यात आमच्याकडून, झोपेत विचारलं तरी चुकायचो नाही.

केळफूल
आमच्याकडे दुसरीच आहे हो. सासूबाईंना तिसरी म्हणून सांगितलं तर मलाच उभी करतील.

घंटानाद
दोघंही बरोबर. मजकूर तोच, मोजणी निराळी. आपण कॅथलिक आणि लुथरन लोक ‘अन्य देव नकोत’ आणि ‘कोरीव मूर्ती नको’ हे एकाच आज्ञेत धरतो, आणि शेवटी लोभाच्या आज्ञेचे दोन भाग करतो. बहुतेक प्रॉटेस्टंट मंडळ्यांत आणि यहुदी लोकांत नावाची आज्ञा तिसरी येते. बेरीज सगळीकडे दहाच.

बंड्या_बोरिवली
म्हणजे वसईहून नगरला जाताना माळशेज चढला की आज्ञेचा नंबर बदलतो. घाटात पाटी लावायला हवी.

नगरी_चिवडा
हा हा. आता मुद्द्यावर येतो.

आमच्या घरी ‘गॉड प्रॉमिस’च काय, ‘आईशप्पथ’सुद्धा चालत नव्हतं. आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर. शपथ या विषयावर त्यांचा एकच आधार, येशूचं डोंगरावरचं प्रवचन, बायबलातलं मत्तय, पाचवा अध्याय. तिथे येशू सांगतो की शपथ वाहूच नका, स्वर्गाची नको, पृथ्वीची नको, स्वतःच्या डोक्याचीसुद्धा नको, कारण एक केस पांढरा की काळा करणं तुमच्या हातात नाही. तुमचं बोलणं होय तर होय, नाही तर नाही, एवढंच असू द्या. आम्ही पोरं भांडताना गळ्याला चिमूट लावून ‘गळ्याशपथ’ म्हणायचो, ते आजोबांच्या कानावर गेलं की विचारायचे, “म्हणजे एरवी तू खोटं बोलतोस काय रे?” याला उत्तर नसायचं.

आजीची तऱ्हा वेगळी. माझ्या चुलत्याचं नाव येशुदास. शाळेत, गोठ्यात, पिठाच्या गिरणीत, सगळीकडे त्याचा ‘येशा’ झालेला. “येशा, म्हशीला पाणी दाखव”, “येश्या, कुठं उलथला होतास?” आजीला हे ऐकवत नसे. गल्लीतल्या प्रत्येकाला तिने बजावून ठेवलं होतं की हाक मारायचीच असेल तर ‘दास’ म्हणा, पुढचं नाव तुमच्या तोंडी शिवीबरोबर यायला नको. परिणाम असा की आज सत्तरी ओलांडली तरी काकाला अख्खं गाव ‘दासू’ म्हणतं आणि येशुदास हे फक्त रेशनकार्डावर आहे.

निशिगंधा७
दासू काका! किती गोड. आमच्याकडे भगवानचा ‘भग्या’ झाला आणि कुणालाच काही वाटलं नाही :)

पिंपळपार
मी वारकरी घरातला, त्यामुळे बाहेरून बोलतोय, चुकलं तर सांगा. पण मला हा प्रश्नच आधी उलटा वाटला. आमच्याकडे नाव जितकं घ्याल तितकं थोडं. जांभई आली तर ‘राम कृष्ण हरी’, दळताना नाव, फोन उचलला की नाव, रस्त्यात दोघे भेटले की नाव. कीर्तनात अजामिळाची गोष्ट शंभरदा ऐकलीय. आयुष्यभर नको ते धंदे केले, मरताना हाक मारली ती धाकट्या पोराला, पण पोराचं नाव नारायण असल्यामुळे विष्णुदूत धावत आले आणि यमदूतांना परत जावं लागलं. म्हणजे चुकून घेतलेलं नावसुद्धा फुकट जात नाही.

मग ‘व्यर्थ नाव’ ही कल्पना कशी बसवायची? नाव घेणंच चूक असं तर तुमच्याकडे नसेल?

नगरी_चिवडा
@पिंपळपार, छान प्रश्न. नाव घेणं चूक, असं मुळीच नाही. प्रभूच्या प्रार्थनेतली पहिली मागणीच ‘तुझे नाव पवित्र मानले जावो’ ही आहे, भाकर नंतर येते. मार्टिन लुथरने लहान मुलांसाठी आणि घरच्यांसाठी 1529 मध्ये जी प्रश्नोत्तरी लिहिली, तिथे या आज्ञेचा अर्थ दोन्ही बाजूंनी सांगितलाय. त्या नावाने शाप, शपथ, जादूटोणा, खोटं आणि फसवणूक नको, पण प्रत्येक संकटात त्याच नावाने हाक मारा, प्रार्थना करा, उपकार माना. म्हणजे तोंडाला कुलूप लावा असं कुणी सांगितलेलं नाही.

आणि नगरचा माणूस असून टिळकांचं नाव घेतलं नाही तर घरी भाकरी मिळणार नाही. रेव्हरंड ना. वा. टिळक म्हणत की तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो. नामाची गोडी त्यांनी सोडली नाही. आमच्या मंडळ्यांत आजही त्यांची भजनं टाळ-मृदंगावर होतात.

पण अजामिळाला उत्तर म्हणून आमच्याकडे एक गोष्ट आहे. बायबलातलं प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक, अध्याय एकोणीस. इफिस शहरात स्किवा नावाच्या यहुदी मुख्य याजकाचे सात मुलगे भुतं काढायचा धंदा करायचे. येशूचा प्रेषित पौल याच्या हातून कामं होतायत हे बघून त्यांनीही ‘पौल ज्याची घोषणा करतो त्या येशूच्या नावाने’ असा प्रयोग सुरू केला. भूत काय म्हणालं? येशूला मी ओळखतो, पौलाचीही मला माहिती आहे, पण तुम्ही कोण? आणि त्या झपाटलेल्या माणसाने सातही जणांना असं बदडलं की उघडेनागडे, रक्तबंबाळ होऊन घराबाहेर पळाले.

बंड्या_बोरिवली
‘पण तुम्ही कोण?’ हे भुताने विचारलं? आमच्या सोसायटीच्या वॉचमनची आठवण झाली.

पिंपळपार
भारी गोष्ट. तरी मी अजामिळाच्याच पार्टीत. बिचाऱ्याने काही आव आणला नव्हता हो. स्किवाच्या पोरांनी आणला.

मडगांवकार
गोंयचो हांव, मराठी घरी बोलत नाही, सांभाळून घ्या.

आमच्याकडे देवाचं नाव काढलं तर कोंकणीत बोलायलाच काही उरणार नाही. आभार मानायचे तर ‘देव बरें करूं’. रात्री निजताना ‘देव बरी रात दिवं’. वाईट बातमी आली की ‘सायबा भोगोस’, म्हणजे प्रभू क्षमा कर. माझी आजी विजेचं बिल बघून पण ‘जेजू मारी जुझे’ म्हणायची, येशू, मरिया, योसेफ, पूर्ण कुटुंब एकदम. ते व्यर्थ का? मला नाही वाटत. ती खरंच हाक मारत होती.

लहानपणी संध्याकाळी इगर्जेची (चर्चची) आमोरेची घांट, म्हणजे सांजप्रार्थनेची घंटा, झाली की हातातलं काम थांबायचं. खेळ अर्धा टाकून घरी. प्रार्थना म्हणायची आणि मग वयाने मोठे असतील त्या प्रत्येकाकडे जाऊन हात जोडून ‘बेसांव’ मागायचा, आशीर्वाद. शेजारच्या म्हाताऱ्याशी सकाळीच आंब्यावरून भांडण झालेलं असलं तरी त्याच्याकडून पण बेसांव घ्यायचा. तो पण द्यायचा, तोंड वाकडं करून.

जुन्या गोव्यात बॉं जेझूसची बासिलिका (1605 ची) बघायला कुणी गेलात तर दर्शनी भिंतीवर वर मान करून बघा. आयएचएस ही अक्षरं कोरली आहेत. येशूच्या नावाची ग्रीकमधली पहिली तीन अक्षरं. बहुतेक लोक फोटो काढतात आणि ती अक्षरं काय आहेत ते विचारत नाहीत.

केळफूल
@मडगांवकार, देव बरें करूं! ‘खरंच हाक मारत होती’ हे सासूबाईंना वाचून दाखवलं. खूश झाल्या. लेक म्हणाली, मग मी पण खरंच हाक मारते, पेन सापडत नाही म्हणून. झालं, गाडी पुन्हा फलाटावर.

वकिलीणबाई
शपथेचा विषय निघालाच आहे म्हणून धंद्यातलं सांगते. सिनेमात साक्षीदाराचा हात ग्रंथावर ठेवतात ते विसरा. आता लागू आहे तो 1969 चा शपथ अधिनियम. त्यात ग्रंथबिंथ काही नाही. साक्षीदाराला दोन पर्याय आहेत, देवाच्या नावाने शपथ घ्यायची किंवा नुसतं गांभीर्यपूर्वक सांगायचं की खरं बोलेन. दोन्हीचं वजन सारखंच. बारा वर्षांखालच्या मुलाला शपथ म्हणजे काय हे कळत नसेल, पण खरं बोललं पाहिजे हे कळत असेल, तर शपथेविनाही त्याची साक्ष घेता येते. मंत्री शपथ घेतात तेव्हा ‘ईश्वरसाक्ष’ म्हणायचं की नाही हा पर्याय राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुसूचीतही आहेच.

हा दुसरा पर्याय जगात आला त्यात नास्तिकांपेक्षा धार्मिक लोकांचाच हात मोठा, हे फार जणांना ठाऊक नसतं. इंग्लंडातल्या क्वेकर पंथाच्या लोकांनी सतराव्या शतकात न्यायालयात शपथ घ्यायला नकार दिला, कारण वर @नगरी_चिवडा यांनी दिलेलं तेच वचन. त्यापायी तुरुंगात गेले, मालमत्ता गेल्या. शेवटी त्या शतकाच्या अखेरीस त्यांच्यासाठी वेगळा कायदा झाला.

माझा स्वतःचा अनुभव? साक्षीदाराच्या पिंजऱ्यात देवाचं नाव घेऊन धडधडीत खोटं बोलणारे सगळ्या धर्मांचे पाहिलेत. देवापेक्षा उलटतपासणीला जास्त घाबरतात.

नगरी_चिवडा
@वकिलीणबाई, येशूचा शिष्य पेत्र, त्याचंही तेच झालं. येशूला पकडून नेलं त्या रात्री प्रमुख याजकाच्या वाड्याच्या अंगणात लोकांनी ‘तूही त्यांच्यातलाच’ म्हणून घेरलं, तेव्हा तो शपथा वाहून म्हणाला, मी त्या माणसाला ओळखत नाही. ज्याला नाकारायचं त्याच्याच देवाच्या नावाने शपथ. आणि पुढे पहिल्या मंडळीचा पुढारी तोच.

मिलानो_मिसळ
इटलीत पाहिलेला प्रकार सांगतो. इथे देवाच्या नावाला जनावराचं नाव जोडून शिव्या देतात, खास करून उत्तरेत. सुतार हातोडी बोटावर मारून घेतो आणि जे बोलतो ते लिहिता येणार नाही. गंमत म्हणजे कायद्याने हे आजही दंडनीय आहे. पूर्वी फौजदारी गुन्हा होता, 1999 पासून प्रशासकीय दंड, 51 ते 309 युरो. फुटबॉलवालेही पकडतात. 2018 मध्ये उदिनेसेचा एक मिडफिल्डर गोल हुकल्यावर जे पुटपुटला ते कॅमेऱ्यात ओठांवरून वाचलं गेलं आणि त्याला एका सामन्याची बंदी बसली.

माझा ऑफिसातला मित्र रोज देवाला शिव्या घालतो आणि रविवारी आईला हात धरून मिस्साला (चर्चमधल्या उपासनेला) नेतो. त्याला विचारलं तर म्हणतो, ज्याच्याशी बोलणं नाही त्याला कोण शिव्या देईल!

निशिगंधा७
हे मात्र आपल्याकडे नाही. मराठीत शिव्यांचा दुष्काळ नाही, पण देवाला शिवी घातलेली फारशी ऐकली नाही. आपण आई-बहिणीवरच घसरतो. कुठलं बरं ते माहीत नाही.

अक्षरशः
मी यहोवाचा साक्षीदार घरातला. (हो, तेच दारावर येणारे. चहा दिला तर घेतो.)

इथे सगळे नाव जपून वापरायचं म्हणतायत. आमची शिकवण अशी की देवाला नाव आहे, ते वापरावं. इब्री शास्त्रात त्या नावाची चार अक्षरं, आम्ही ‘यहोवा’ म्हणतो ती, सहा हजारांहून जास्त वेळा येतात. मराठी बायबलात त्या जागी ‘परमेश्वर’ असतं. स्वतःच्या वडिलांना आयुष्यभर नुसतं ‘साहेब’ म्हणण्यासारखं वाटतं ते आम्हाला. नाव पवित्र मानायचं तर आधी ते लोकांना कळायला नको?

घंटानाद
@अक्षरशः, चहा आमच्याकडेही मिळेल. पण इथे आमची वाट वेगळी. 2008 मध्ये रोमहून जगभरच्या बिशप परिषदांना पत्र गेलं की उपासनेत, गीतांत आणि प्रार्थनेत ती चार अक्षरं उच्चारू नयेत. काही इंग्रजी गीतांत ‘याहवे’ होतं, तिथे शब्द बदलले गेले. कारण दिलं ते असं की पहिल्या ख्रिस्ती लोकांनीही ते नाव उच्चारलं नाही, यहुदी परंपरेप्रमाणे ‘प्रभू’च म्हटलं, आणि तोच ‘प्रभू’ त्यांनी येशूला लावला.

येशू हे नाव मात्र भरपूर घ्यायचं, फक्त मान लववून. 1274 च्या लिओं इथल्या चर्चच्या परिषदेपासून ही रीत सांगितलेली आहे, मिस्साच्या नियमांत आजही आहे. आमच्या धर्मग्रामात आता पुढच्या दोन बाकांवरच्या म्हाताऱ्या तेवढ्या पाळतात. वाचन चालू असताना ‘येशू’ आलं की त्यांचे पदर एकदम हलतात. बाकीचे मोबाइल सायलेंट आहे का ते बघत असतात, म्हणजे मान त्यांचीही खालीच असते म्हणा.

बंड्या_बोरिवली
शेवटचं वाक्य काळजाला लागलं.

रेवदंडा
या चर्चेत बेने इस्रायल, म्हणजे आपल्याकडचे मराठी यहुदी, कुणी नाही म्हणून लिहिते. आमचे पूर्वज कोकणातले, शनिवारी घाणा बंद ठेवणारे, म्हणून गावाने ‘शनिवार तेली’ म्हटलं. ज्या चार अक्षरांवरून वर वाद चाललाय, ती आम्ही उच्चारतच नाही. प्रार्थनेत वाचताना ‘अदोनाय’, आणि एरवी गप्पांत ‘हाशेम’, म्हणजे नुसतं ‘ते नाव’. दाराच्या चौकटीवर मेझुझा नावाची छोटी डबी असते, आत चर्मपत्रावर हाताने लिहिलेला शेमा, म्हणजे आमची मुख्य प्रार्थना. येता-जाता बोटं लावून ओठांना लावायची. माझी आजी अस्सल अलिबागी मराठीत कुणालाही फैलावर घ्यायची, पण हे करताना तिचा आवाज थांबायचा, आणि पाऊल बाहेर पडलं की पुढचं वाक्य सुरू.

आणि एक, ज्या कागदावर ते नाव लिहिलंय तो रद्दीत जात नाही. जुनी प्रार्थनापुस्तकं, फाटलेली पानं वेगळी साठवतात आणि मग दफनभूमीत रीतसर पुरतात. @अक्षरशः, तुमच्या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही, पण आमच्याकडे जवळच्या माणसालासुद्धा नावाने हाक मारत नाहीत ना? आजीने आजोबांचं नाव आयुष्यात फक्त उखाण्यात घेतलं.

अक्षरशः
@रेवदंडा, उखाण्यात तरी घेतलं! मी तेवढंच म्हणतोय :)

ओसरी
वाचतेय सकाळपासून. लिहावं की नाही कळत नव्हतं.

तुम्ही सगळे उद्गार, शपथ, शिव्या यावर बोलताय. माझ्या कानाला ‘ओ माय गॉड’ खुपत नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या घरातलं एक लहान मूल गेलं. घरात माणसं जमली, आणि एकामागून एक येऊन तेच सांगून गेले, ‘देवाची इच्छा होती’, ‘देवाला फूल आवडलं, त्याने खुडलं’. एक गृहस्थ तर म्हणाले, यातून देवाला तुम्हाला काहीतरी शिकवायचं असेल. बहीण काही बोलली नाही. स्वयंपाकघरात जाऊन तिने ओट्यावरचे धुतलेले कप पुन्हा धुवायला घेतले.

इयोबाच्या पुस्तकातलं ते वचन सगळ्यांना पाठ असतं, परमेश्वराने दिले, परमेश्वराने नेले, परमेश्वराचे नाव धन्यवादित असो. पण ते इयोब बोलतो, ज्याची मुलं गेली तो. सांत्वनाला आलेले मित्र अध्यायामागून अध्याय देवाची बाजू मांडतात, आणि शेवटच्या अध्यायात देव त्यांनाच म्हणतो की माझा सेवक इयोब माझ्याविषयी जसं यथार्थ बोलला तसं तुम्ही बोलला नाहीत. इयोबाने तर मधल्या काळात देवाला काय काय सुनावलेलं आहे! तरी बरोबर ठरला तो.

मला विचाराल तर नाव व्यर्थ घेणं हे आहे. दुसऱ्याच्या दुःखावर देवाच्या नावाने सही ठोकणं.

निशिगंधा७
ओसरी, काय लिहू. नमस्कार.

नगरी_चिवडा
ओसरीताई, तुमच्यानंतर लिहिणं अवघड आहे, पण त्याच ओळीतलं एक आहे म्हणून सांगतो. मी काही काळ पास्टोरेट कमिटीवर, म्हणजे चर्चचा कारभार बघणाऱ्या समितीवर, होतो. कुठली ते विचारू नका. तिथे एका जागेच्या भाडेकराराचा विषय होता, आकडे सगळ्यांपुढे होते, आणि करार तोट्याचा आहे हे शाळकरी पोरालाही दिसत होतं. तेवढ्यात एक ज्येष्ठ सभासद उठले आणि म्हणाले, “मी यावर प्रार्थना केली. प्रभूने मला होकार दिला आहे.” झालं. आता आकड्यांवर बोलणारा प्रभूच्या विरोधात! मत घेतलं, ठराव पास. भाडेकरू त्यांच्या व्याह्यांचा माणूस होता हे पुढे कळलं.

‘प्रभू, प्रभू’ म्हणणारा प्रत्येक जण स्वर्गाच्या राज्यात जाणार नाही असं मत्तयातच आहे. त्या दिवशी ते वचन कुणी काढलं नाही. मीही नाही.

वकिलीणबाई
अशा वेळी इतिवृत्तात लिहून घ्यायचं, ‘प्रभूची संमती तोंडी, लेखी प्रत सादर केलेली नाही’.

बंड्या_बोरिवली
@वकिलीणबाई दंडवत.

यावरून आठवलं. आमच्या सोसायटीच्या भिंतीला लोक तंगडी वर करायचे. सेक्रेटरीने ओळीने टाइल्स लावल्या. गणपती, साईबाबा, काबा, गुरू नानक, क्रूस. सर्वधर्मसमभाव भिंतीवरच दिसतो फक्त. काम झालं, भिंत सुकी. पण समोरच्या बिल्डिंगमधल्या आंटी येऊन क्रूसाची टाइल काढायला लावून गेल्या. म्हणाल्या, माझ्या प्रभूला मुतारीचा वॉचमन करू नका. आता तिथे एक चौकोन रिकामा आहे आणि नेमका तेवढाच ओला असतो.

पिंपळपार
😂 आंटींचं शंभर टक्के पटलं. आमच्या गणपतीनेही तक्रार करायला हवी.

मडगांवकार
आणि ते व्हॉट्सॲपवरचे? ‘येशू तुमच्या दारात उभा आहे. आमेन टाइप केल्याशिवाय पुढे जाऊ नका. अकरा जणांना पाठवा, रात्रीपर्यंत चमत्कार.’ माझी मावशी रोज पाठवते. मी आमेन लिहीत नाही, तरी अजून जिवंत आहे. तिला सांगितलं, मावशे, हे पण नाव व्यर्थच. ती म्हणाली, तू तसा पण मिस्साला येत नाहीस, निदान आमेन तरी टाइप कर.

केळफूल
बापरे, दोन दिवसांत केवढं लिहिलंत. सगळं वाचलं.

काल जेवताना ओसरीताईंचा आणि नगरी_चिवड्यांचा प्रतिसाद वाचून दाखवला. सासूबाई बराच वेळ गप्प होत्या. मग त्यांनी सासऱ्यांच्या वेळची जमिनीची गोष्ट काढली, जी मी लग्नानंतर इतक्या वर्षांत कधी ऐकली नव्हती. बागायतीतला एक तुकडा भाऊबंदकीत गेला. ज्याने नेला त्याने देव्हाऱ्यासमोर उभं राहून देवाची शपथ घेतली होती की कागदांवर नुसती सही हवीय, जमीन तुमचीच राहील. त्यावर विश्वास ठेवून सासऱ्यांनी सही केली. तेव्हापासून कुणी शपथ घेतली की त्यांना धस्स होतं. आणि आम्ही समजत होतो की आजी जुन्या वळणाची आहे म्हणून चिडते.

लेकीने एवढंच विचारलं, “मग तो माणूस अजून चर्चमध्ये येतो?” येतो. तिसऱ्या बाकावर बसतो. सासूबाई शांतिदानाच्या वेळी त्यालाही हात जोडतात.

‘ओ माय गॉड’ अजून चालू आहे, ‘गॉड प्रॉमिस’ बंद. सध्या ‘होय तर होय’ असं ती मुद्दाम किर्तनकाराच्या आवाजात म्हणते, तेही डोकं उठवतं.

ओसरी
सासूबाईंना माझा नमस्कार सांगा.

निशिगंधा७
अवांतर विचारते. @रेवदंडा यांनी कागद पुरण्याचं लिहिलं त्यावरून. माझी शाळा कॉन्व्हेंटची, तिथे मिळालेलं छोटं बायबल आहे, वाळवी लागून पानं सुटलीत. शिवाय ख्रिस्ती मित्रमैत्रिणींच्या लग्नपत्रिका, वचनं छापलेल्या. रद्दीवाल्याला द्यायला हात होत नाही. काय करतात?

नगरी_चिवडा
आमच्याकडे याचा काही नियम नाही. कागदाला पावित्र्य नाही, वचनाला आहे, असं पाळक साहेब सांगतात. तरी भेळेच्या कागदावर योहानाचं शुभवर्तमान दिसलं तेव्हा मी भेळ दुसऱ्या कागदावर घ्यायला लावली होती. सवय, दुसरं काय.

घंटानाद
@निशिगंधा७, कॅथलिक रीत अशी की आशीर्वादित वस्तू जाळायच्या किंवा स्वच्छ जागी पुरायच्या, कचऱ्यात टाकायच्या नाहीत. पत्रिका आशीर्वादित नसते, पण त्यावर नाव आणि क्रूस असतो म्हणून लोक तेच करतात. बायबल बागेत झाडाखाली पुरलंत तरी चालेल, आधी पुठ्ठा आणि रेक्झिन काढा.

वसई भागातल्यांसाठी सांगतो, मी आमच्या चर्चमध्ये वेदीसेवेच्या मदतीला असतो. राखेच्या बुधवारी (उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी) कपाळाला लावायची राख मागच्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारच्या (ईस्टरच्या आधीच्या रविवारच्या) झावळ्या जाळूनच करतात. त्यामुळे घरात क्रूसामागे खोचून ठेवलेल्या सुक्या झावळ्या बुधवारच्या आधीच्या रविवारपर्यंत आणून द्या, मागच्या दाराशी टोपली ठेवलेली असते. फक्त झावळ्या. दरवर्षी कुणीतरी त्यात लॅमिनेट केलेले फोटो, प्लास्टिकच्या जपमाळा आणि गेल्या वर्षीचं बँकेचं कॅलेंडर टाकून जातं, मग ते आम्हाला हाताने निवडत बसावं लागतं.

बंड्या_बोरिवली
कॅलेंडरवर देवाचा फोटो होता का बँक मॅनेजरचा?

घंटानाद
दोन्ही. मॅनेजरचा मोठा होता.